नियोजित सिझेरियन : तारीख ठरण्यापूर्वी आणि नंतर

गर्भारपणाचे नऊ महिने सर्वच स्त्रियांना सारखे जात नाहीत. कोणाचा आधी गर्भपात झालेला असतो, कोणी वर्षानुवर्षे वंध्यत्वावरील उपचार घेतलेले असतात, कोणाला तिसऱ्या महिन्यातच रक्तस्राव झालेला असतो, तर कोणाच्या मनात पहिल्या बाळंतपणाची धास्ती घर करून असते. अशा स्त्रीला प्रत्येक सोनोग्राफी परीक्षेसारखी वाटते. मग शेवटच्या महिन्यांत प्रसूतितज्ज्ञ सिझेरियनची तारीख सुचवतात किंवा ती स्वतःच तशी मागणी करते. तारीख ठरली की घरातल्या सर्वांनाच हायसे वाटते. मात्र ही तारीख कोणत्या कारणासाठी, कितव्या आठवड्यातली आणि कोणत्या तयारीनिशी ठरली, यावर आई व बाळ दोघांचेही हित अवलंबून असते.

भीतीचीही दखल हवी

प्रसूतीच्या पराकोटीच्या भीतीला वैद्यकशास्त्रात ‘टोकोफोबिया’ म्हणतात. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ लुई व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्ये अशा भीतीची नोंद केली होती. हॉफबर्ग आणि ब्रॉकिंग्टन या ब्रिटनमधील संशोधकांनी २००० साली ‘टोकोफोबिया’ या नावाने तिचे सविस्तर वर्णन केले. काही स्त्रियांना ती पहिल्या बाळंतपणाआधीच असते; काहींमध्ये आधीच्या क्लेशदायक प्रसूतीतून ती निर्माण होते.

‘सगळ्याच बायका बाळंत होतात’ या वाक्याने ही भीती जात नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अशा स्त्रीला आधी मानसिक आरोग्यतज्ज्ञाची मदत देऊ करावी आणि त्यानंतरही तिची इच्छा कायम असल्यास नियोजित सिझेरियनचा पर्याय द्यावा. यातील क्रम महत्त्वाचा आहे. समुपदेशनानंतर काही स्त्रिया नैसर्गिक प्रसूतीला तयार होतात. ज्या होत नाहीत, त्यांचा निर्णय निदान पूर्ण माहितीवर आधारलेला असतो.

वैद्यकीय कारणे

वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, बाळ पायाळू किंवा आडवे असणे, आधी एकापेक्षा अधिक सिझेरियन झालेली असणे, जुळ्यांपैकी पहिल्या बाळाचे डोके खाली नसणे ही नियोजित सिझेरियनची नेहमीची कारणे होत. आधीचे एकच सिझेरियन असेल तर मात्र शस्त्रक्रिया अटळ नसते. योग्य निवड केलेल्या अशा स्त्रियांपैकी ६० ते ८० टक्के स्त्रियांची प्रसूती नैसर्गिकरीत्या होऊ शकते. त्यात गर्भाशयाचा जुना व्रण उकलण्याचा धोका साधारण २०० पैकी एकीला असतो. म्हणून हा प्रयत्न तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावा.

३९ आठवड्यांचे महत्त्व

आई व बाळाची प्रकृती ठीक असेल, तर नियोजित सिझेरियन ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी करू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. गर्भात बाळाच्या फुप्फुसांत द्रव भरलेला असतो. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर होणाऱ्या संप्रेरकांच्या बदलांमुळे तो शोषला जाऊ लागतो. कळांशिवाय आणि लवकर जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊन नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याची शक्यता वाढते. आधीच चिंतेने ग्रासलेल्या आईला बाळापासून ही ताटातूट फार जड जाते.

‘आता सुटका करा’ ही छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यातली विनवणी समजण्याजोगी असली, तरी ती तारीख पुढे ओढण्याचे कारण ठरू नये. पंचांगातील मुहूर्ताबाबतही हेच म्हणता येईल. वाढलेला रक्तदाब, बाळाची खुंटलेली वाढ किंवा रक्तस्राव यांसारख्या कारणांसाठी डॉक्टर अलीकडची तारीख देतात, ती गोष्ट वेगळी. बाळाची हालचाल कमी जाणवल्यास किंवा कळा सुरू झाल्यास मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेचा दिवस

घन आहार शस्त्रक्रियेपूर्वी किमान सहा तास बंद ठेवतात. पाणी कधी थांबवायचे हे भूलतज्ज्ञ सांगतात. कण्यात इंजेक्शन देऊन छातीखालचा भाग बधिर केला जातो आणि लघवीची नळी बसवली जाते. आई जागी असते. तिला वेदना होत नाहीत, पण ओढल्याची व दाबल्याची जाणीव होते. रक्तदाब उतरणे, मळमळणे, हुडहुडी भरणे हे नेहमीचे आहे. आधी सांगितलेले असेल तर त्याची धडकी भरत नाही. पहिल्या पाच-दहा मिनिटांत बहुधा बाळ बाहेर येते. टाके घालण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. दोघांची प्रकृती ठीक असल्यास बाळाला तेथेच आईच्या उराशी देता येते आणि पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करता येते.

घरी परतल्यावर

सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या हे तिचे संभाव्य धोके. गुठळ्या टाळण्यासाठी बाळंतिणीला बहुधा पहिल्या चोवीस तासांतच चालवतात. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीत येथे अपायकारकच. ताप, टाक्यांतून पू, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.

पुढील गर्भारपणाचा विचारही आधीच व्हायला हवा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वार गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्त्रियांची पाहणी झाली. ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११ टक्के, तर तिसऱ्या वेळी ४० टक्के आढळले.

बाळ सुखरूप हाती आले की चिंताही संपते, असे घरचे गृहीत धरतात. प्रत्यक्षात गर्भारपणी चिंताग्रस्त असलेल्या स्त्रीला प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा धोका अधिक असतो. प्रसूतीनंतरचे रडू व हळवेपणा बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो; त्यानंतरही झोप न लागणे, बाळाविषयी सतत धास्ती वा अलिप्तपणा राहिल्यास उपचार घ्यावेत. एडिंबरो येथे विकसित होऊन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली असे नैराश्य लवकर ओळखण्यासाठी वापरली जाते.

प्रमाण आणि विवेक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. खासगी रुग्णालयांत ते ४७.४, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांपुढे गेल्याने माता व अर्भकांचे मृत्यू घटत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले. परंतु याच निवेदनात, ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा गरजू स्त्रीला शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे, असेही म्हटले आहे.

म्हणूनच एखाद्या स्त्रीचे सिझेरियन अनावश्यक होते, असा शेरा शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी मारणे अनुचित आणि तिला नाउमेद करणारे ठरते. कारण कोणते, पर्याय कोणता, हीच तारीख का, जन्मानंतर बाळ कोठे असेल आणि पुढच्या खेपेला काय, हे पाच प्रश्न तिने तारीख ठरण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली, तर शस्त्रक्रियागृहात जाताना निदान अज्ञाताचे ओझे तरी तिच्या मनावर राहत नाही.