हाथोरचा खुळखुळा

भूकंपाची नोंद करणाऱ्या यंत्राला सिस्मोग्राफ म्हणतात, हे आपण शाळेत शिकवतो. त्यातला 'सिस्मो' हा भाग 'हलवणे' अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. त्याच क्रियापदापासून ग्रीकांनी 'सेइस्ट्रॉन' असा आणखी एक शब्द बनवला. अर्थ सरळ आहे, हलवायची वस्तू. लॅटिनमध्ये त्याचे 'सिस्ट्रम' झाले. हे नाव होते इजिप्तच्या मंदिरांत वाजणाऱ्या एका खुळखुळ्याचे.

त्याची रचना अगदी साधी. एक मूठ आणि तिच्यावर धातूची कमान, तोंड खाली केलेल्या घोड्याच्या नालेसारखी. कमानीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर भोके आणि त्यांतून आडव्या घातलेल्या तीन-चार काड्या. काड्यांची टोके वाकवलेली असल्याने त्या निसटत नाहीत. भोके मात्र काड्यांपेक्षा मोठी असतात. त्यामुळे मूठ हलवली की काड्या इकडून तिकडे सरकतात आणि कमानीवर आपटतात. कधी काड्यांमध्ये लहान चकत्याही ओवलेल्या असत. आपल्या कीर्तनकारांच्या चिपळ्यांतल्या चकत्या आठवल्या की कल्पना येईल.

या वाद्यात तार नाही, कातडे नाही, फुंकही नाही. वाद्याचा घन भागच कंप पावतो. नाट्यशास्त्रातल्या चार वर्गांपैकी ते घनवाद्यांत बसेल. काड्या एकाच वेळी आदळत नाहीत; लहान लहान आघात अनियमित अंतराने होतात. प्रत्येक आघातातून अनेक वारंवारता एकदम निर्माण होतात. म्हणून सिस्ट्रमला सा किंवा रे असा निश्चित स्वर नाही. ऐकू येतो तो एक सळसळता, छमछमता नाद. लय धरायला तो पुरेसा आहे.

हाच नाद इजिप्ती लोकांनी आपल्या शब्दात पकडला होता. सिस्ट्रमच्या एका प्रकाराला ते जे नाव देत, ते आज आपण 'शेशेशेत' असे काहीसे वाचतो. 'काहीसे' म्हणण्याचे कारण असे, की त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसत. व्यंजने तेवढी हाती येतात, मधले 'ए' हे अभ्यासकांनी उच्चाराच्या सोयीसाठी घातलेले आहेत. पण 'श'ची ती पुनरावृत्ती पाहा. सळसळ, खसखस हे आपले शब्द ज्या रीतीने तयार झाले, त्याच रीतीने हा शब्द तयार झालेला दिसतो. अनेक अभ्यासक त्याचा संबंध पपायरस या पाणवनस्पतीच्या सळसळीशी जोडतात. हाथोर ही संगीत, नृत्य आणि प्रेम यांची देवता. पपायरसच्या बेटातून गाईच्या रूपात बाहेर येताना तिची चित्रे आढळतात. तिच्यापुढे सिस्ट्रम वाजवायचे ते तिला प्रसन्न करण्यासाठी, आणि रागावलेली असेल तर शांत करण्यासाठीही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अलाबास्टर या फिकट रंगाच्या दगडाचे एक सिस्ट्रम आहे. त्यावर सहाव्या राजघराण्यातल्या तेती या राजाचे नाव कोरलेले आहे. काळ साधारण इ.स.पू. २३००. त्याची मूठ पपायरसच्या देठासारखी आहे, वर कमानीऐवजी छोटा देव्हारा आणि देव्हाऱ्यावर ससाणा. ससाणा हे होरस देवाचे चिन्ह. 'हाथोर' या नावाचा अर्थ 'होरसचे घर'. म्हणजे घर आणि ससाणा मिळून देवीचे नावच 'वाचता' येते. काड्यांसाठी भोके आहेत, पण काड्या आज उरलेल्या नाहीत. दगडाचे हे वाद्य रोज जोराने हलवण्यासाठी केले असेल असे वाटत नाही. ते देवीला वाहिलेले असावे. पुढे या देव्हारा-प्रकाराची पुष्कळ सिस्ट्रमे काचेसारखी झिलई दिलेल्या फायन्स या ठिसूळ पदार्थाची बनली. देंडेरा येथील हाथोरच्या मंदिरात तर पुढच्या दालनातले चोवीस खांबच सिस्ट्रमच्या आकाराचे आहेत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चारही बाजूंना गाईचे कान असलेला देवीचा चेहरा आणि त्यावर देव्हारा.

या वाद्याचा अर्थ काय, असे विचारले की बहुतेक पुस्तके प्लुटार्ककडे बोट दाखवतात. इसिस आणि ओसायरिस यांच्यावरील आपल्या ग्रंथात या ग्रीक लेखकाने सिस्ट्रमचे सविस्तर स्पष्टीकरण दिले आहे. सृष्टीतल्या वस्तू पेंगुळल्या की त्यांना हलवून जागे करावे लागते, हे सिस्ट्रम सुचवते, असे तो म्हणतो. वरची कमान म्हणजे चंद्राची कक्षा. तिच्याखाली हलणाऱ्या चार वस्तू म्हणजे अग्नी, पृथ्वी, जल आणि वायू ही चार तत्त्वे. कमानीवर मांजर असते आणि खाली एका बाजूला इसिसचा व दुसऱ्या बाजूला तिची बहीण नेफ्थिस हिचा चेहरा असतो, असेही तो सांगतो.

वर्णन सुंदर आहे, पण ते तपासून पाहू. मांजराची गोष्ट खरी आहे. कमानीवर मांजर बसवलेली सिस्ट्रमे सापडली आहेत. काड्यांचे काय? त्या चारच असत असे नाही, तीन काड्यांची सिस्ट्रमेही पुष्कळ आहेत. चार तत्त्वांची कल्पना तर ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीसची, इ.स.पू. पाचव्या शतकातली. तेतीचे सिस्ट्रम तिच्या कितीतरी आधीचे. मुठीवरचा जुना चेहरा हाथोरचा, पण प्लुटार्कच्या काळापर्यंत हाथोरचे बरेचसे गुण आणि तिचे वाद्यही इसिसकडे आलेले होते.

आता एक साधी वजाबाकी करा. प्लुटार्कने हे लिहिले ते इ.स. १००च्या आसपास किंवा त्यानंतर थोड्या वर्षांनी. तेतीपासून प्लुटार्कपर्यंत सुमारे चोवीसशे वर्षे होतात, आणि प्लुटार्कपासून आपल्यापर्यंत एकोणीसशे. ज्याला आपण 'प्राचीन साक्षीदार' म्हणून उभे करतो, तो तेतीपेक्षा आपल्यालाच जवळचा आहे! त्याची साक्ष खोटी नव्हे. मात्र ती त्याच्या काळच्या सुशिक्षित ग्रीक माणसाला सिस्ट्रममध्ये काय दिसत होते याची साक्ष आहे. तेतीच्या पुजाऱ्यांना काय वाटत होते, हे ती सांगू शकत नाही. 'प्राचीन' हा एकच शब्द वापरून आपण हे सगळे अंतर पुसून टाकतो. वर्गात हे फार सहज घडते.

खरे तर वाद्य तेच राहिले आणि अर्थ बदलत गेले. इ.स.पू. चौदाव्या शतकात अखेनातेनने आतेन या सूर्यबिंबाखेरीज इतर देवांची पूजा मागे सारली. तरीही अमार्ना येथील एका शिल्पात राजा व राणी आतेनला अर्पण करीत असताना त्यांची मुलगी मेरितातेन सिस्ट्रम हलवताना दिसते. देव बदलला, खुळखुळा राहिला. पुढे इसिसच्या पूजेबरोबर तो भूमध्य समुद्र ओलांडून गेला. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत ब्राँझची सिस्ट्रमे मिळाली आहेत, तर शेजारच्या हर्क्युलेनियमच्या भित्तिचित्रांत इसिसचे उपासक ती वाजवताना दिसतात. इजिप्तमध्ये फिले बेटावरचे इसिसचे मंदिर सहाव्या शतकात बंद झाले. पण इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये 'त्सनात्सिल' नावाचे याच जातीचे वाद्य आजही उपासनेत वाजते.

वर्गात सिस्ट्रम करून पाहता येईल. बेचकीसारखी इंग्रजी वाय आकाराची फांदी घ्या. तिच्या दोन फाट्यांमध्ये तार ताणून बांधा आणि तारेत सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे ओवा. एकदा झाकणांची भोके तारेपुरतीच ठेवा, दुसऱ्यांदा मोठी करा. नादात काय फरक पडतो ते मुलांना लिहू द्या. मग त्याचा अर्थ काय असावा, हेही प्रत्येकाला एका वाक्यात लिहायला सांगा. नादाबद्दलची उत्तरे बरीचशी जुळतील, अर्थाची जुळणार नाहीत. प्लुटार्कची ओळख करून द्यायला ती वेळ चांगली.