अबाय: पाणी एकाचं, वाटणी दोघांची

निळ्या नाईलला इथिओपियात अबाय म्हणतात. सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या ताना सरोवरातून ती निघते, पण गंमत म्हणजे सरळ सुदानकडे जातच नाही. आधी आग्नेयेला, मग खोल दरीतून भला मोठा वळसा घेऊन पश्चिमेला, आणि खार्टूमला पांढऱ्या नाईलला भेटते.

सरोवराला मिळणाऱ्या धाकट्या अबायचा गीशचा झरा १६१८ मध्ये पेद्रो पाएझने पाहिला. १७७० मध्ये जेम्स ब्रूस तिथे पोचला आणि म्हणाला, पहिला मीच! तिथल्या लोकांसाठी तो झरा आधीपासूनच पवित्र होता, ते सोडा.

इजिप्तला पोचणारं सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांतलं. तरी १९५९ च्या करारात इजिप्तला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर; इथिओपियाला चर्चेलाही बोलावलं नाही. मग २०११ मध्ये त्यांनी रोखे विकून, वर्गण्या गोळा करून स्वतःचं धरण बांधायला घेतलं. २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

इजिप्तची भीती खोटी नाही, तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. पण ज्याच्या डोंगरातून पाणी येतं त्यालाच वगळून केलेली वाटणी किती दिवस टिकणार?