खाजन, मानस आणि सांतिनेजची खाडी

पणजीतील सांतिनेजच्या खाडीस आज बहुतेक लोक ‘नाला’ म्हणतात. शब्दाचा हा पालट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ताळगावच्या नागाळी टेकडीकडून निघून, वाटेतील शेतांचे व उतारांचे पाणी घेत, सुमारे चार किलोमीटरांनंतर कांपालजवळ मांडवीस मिळणारा हा प्रवाह आहे. ज्यास भरती येते तो नाला कसा?

पणजी मुळात दलदलीच्या व खाजनांच्या भूमीवर वसली. दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु याच्या कारकिर्दीत (१८२७–३५) दलदली बुजवून रस्ते आखले गेले. १८४३ मध्ये हे शहर राजधानी झाले. ह्या भरावाचे कौतुक पुष्कळ झाले, भरावाखाली काय गेले ह्याचा विचार थोडा.

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. बांध चिकणमातीचा, बाहेरून त्यास खारफुटीचा आधार. बांधात बसविलेली मानस ही ह्या व्यवस्थेची किल्ली होय. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी दारे मिटतात. ओहोटीस आतले पाणी ती ढकलून नदीत जाते. आतली पोंय पावसाचे जादा पाणी पोटात घेते. पावसाळ्यात खारटपणा सोसणारे कोरगुट भात, मानशीवर मासळी. आणि त्या मासळीच्या लिलावाच्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली असता शहर का तुंबते, हा आजचा प्रश्न जुन्या गावकाराने पोंयीकडे बोट दाखवून सोडविला असता.

ही सारी राखण गावकरी संस्थेकडे होती. १५२६ साली आफोंसो मेशियाच्या सनदेत तिच्या रूढी प्रथम लिहून निघाल्या, म्हणजे संस्था त्याहून जुनी. पुढे तिची सत्ता हळूहळू आटली. १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची दुरुस्ती ह्यांनी कसणाऱ्यास न्याय दिला, ह्याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु बांधाचे दायित्व कुळांच्या संघांकडे गेल्यावर ते सर्वत्र सारख्या निष्ठेने पाळले गेले नाही. भातापेक्षा मासळी किफायतशीर ठरली, तेथे मानशी भरतीलाही उघड्या राहू लागल्या. शेतात खारे पाणी शिरले, आणि जी खारफुटी बांधाबाहेर राखण करी ती आत वाढली. आता कायद्याने तिला संरक्षण आहे. ते योग्यच, पण पडीक खाजन पुन्हा कसू पाहणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते.

सांतिनेजची खाडी स्वच्छ करण्यास नागरिक पुढे येतात, ह्याचा आम्हांस आनंद आहे. मात्र जलपर्णी काढणे हे एका रविवारचे काम. गाळ, सांडपाणी आणि पाण्याची वाट बारमाही सांभाळणे हे संस्थेचे काम होय. तिला ठरलेले उत्पन्न हवे आणि चुकणाऱ्यास दंड करण्याचा अधिकारही हवा.

तथापि गावकरीचे आंधळे गुणगान आम्ही करणार नाही. तिच्या सभेत मत होते ते गावकारांच्या पुरुष वंशजांना. चिखलाच्या पाट्या वाहून ज्यांनी बांध उभारले, त्या कष्टकऱ्यांना व त्यांच्या स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. आज खाडीसाठी समिती नेमावयाची झाल्यास काठावरच्या दाट वस्तीतील रहिवाशांना, जिच्या उंबऱ्याशी पाणी प्रथम चढते त्या घरधनिणीला, तीत मत असेल काय, हे आम्ही आधी विचारू.