धावणाऱ्याची झोळी

अंगाला कष्ट देऊन काही मागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आजारी लेकरासाठी आई अनवाणी डोंगर चढते, कुणी लोटांगण घालत देवळापर्यंत जातो. पण नवस आपल्या माणसासाठी असतो. अनोळखी रुग्णासाठी एकाने पाय झिजवायचे, त्याबद्दल दुसऱ्याने पैसे द्यायचे आणि ते तिसऱ्यापर्यंत पोचवायचे, ही रीत अलीकडची. तिचं कूळ शोधायला कॅनडात जावं लागतं.

१९६७ साली, देशाच्या शतकमहोत्सवी वर्षात, तिथे ‘माइल्स फॉर मिलियन्स’ नावाच्या पदयात्रा निघाल्या. चालणाऱ्याने आधी घरोघर फिरून वचनं गोळा करायची: मी जितके मैल चालेन, त्या प्रत्येक मैलामागे तुम्ही अमुक पैसे द्या. या हिशेबातच सगळी ताकद होती. पाय दुखले तरी थांबवत नाही, कारण पुढच्या मैलाचे पैसे बुडतात. आणि समोरचा चालून आल्यावर शब्द दिलेल्याला मागे फिरता येत नाही.

चालण्याचं धावणं झालं, ते मात्र टेरी फॉक्समुळे. ब्रिटिश कोलंबियातल्या या मुलाचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एक लेख वाचायला दिला. एक पाय नसतानाही न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी केलेल्या डिक ट्रॉमवरचा तो लेख होता. उपचारांच्या काळात आजूबाजूची मुलं जाताना टेरीने पाहिली, आणि संशोधनासाठी पैसा उभा करायला देश आडवा धावून काढायचं ठरवलं. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स इथे त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. त्या काळचा कृत्रिम पाय धावण्यासाठी बनलेलाच नव्हता, म्हणून प्रत्येक पावलाला चांगल्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे.

सुरुवातीला रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. मग न्यूफाउंडलंडमधल्या पोर्ट ओ बास्क या गावाने दहा हजार वस्तीमागे दहा हजार डॉलर जमवून दिले. माणशी एक डॉलर! टेरीने तेच मागणं अख्ख्या देशापुढे ठेवलं. १ सप्टेंबरला थंडर बे शहराबाहेर तो थांबला. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. फेब्रुवारी १९८१ मध्ये निधीने २ कोटी ४० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतका. २८ जूनला टेरी गेला. त्याच्या नावाची दौड त्याच सप्टेंबरात सुरू झाली: स्पर्धा नाही, प्रवेशशुल्क नाही, कपड्यांवर कंपन्यांच्या जाहिराती नाहीत. मला या नियमांत त्याचा स्वभाव दिसतो.

त्याच वर्षी, २९ मार्च १९८१ रोजी, ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ले यांनी लंडन मॅरेथॉन सुरू केली. पुढे तिथे सेवाभावी संस्था प्रवेशाच्या जागा विकत घेऊ लागल्या आणि ठरावीक रक्कम जमवण्याची हमी देणाऱ्याला ती जागा देऊ लागल्या. अमेरिकेत १९८८ साली ब्रूस क्लेलंड या बापाने, मुलीला रक्ताचा कर्करोग झालेला असताना, ३८ जणांना तयार करून न्यूयॉर्कला धावायला नेलं. ३ लाख २२ हजार डॉलर जमले. त्यातून सेवाभावी संस्थांचा एक नवाच सौदा रूढ झाला: तुम्ही देणग्या आणा, आम्ही प्रशिक्षक देतो. कधी न धावलेली माणसं मॅरेथॉनकडे वळली ती या वाटेने.

मुंबईत ही रीत १५ फेब्रुवारी २००४ च्या पहिल्या मोठ्या मॅरेथॉनबरोबर रुजली. पूर्ण अंतर धावणाऱ्यांपेक्षा जास्त गर्दी सहा-एक किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’ला असते, फलक, वेश, घोषणा, सगळं तिथेच दिसतं. कंपन्या आपापले गट उतरवतात, मोठ्या रकमा देतात. तो पैसा हवाच आहे. पण या रीतीचा जीव त्यात नाही, असं माझं ठाम मत आहे. तो आहे एका माणसाने ओळखीच्या पन्नास जणांपुढे संकोच गिळून हात पसरण्यात. धावणं हे त्या मागण्याचं तारण आहे. रक्कम लहान असली तरी चालते: पोर्ट ओ बास्कने माणशी एकच डॉलर दिला होता.

तेव्हा यंदा एखादा भाचा, शेजारी किंवा कचेरीतला सहकारी मेसेज करून देणगी मागेल, तर तो मेसेज पुढे सरकवू नका. पैसा कुठल्या कामाला जाणार ते विचारा, शंभर रुपये का होईना पण द्या, आणि पावती घ्या.