अहमदाबादच्या ध्वनिफिती आणि त्यांचा श्रोता

संगीताचा इतिहास लिहिताना आपण घराणी सांगतो, गुरुपरंपरा सांगतो, रागांची आणि रचनांची स्थित्यंतरे सांगतो. ऐकणाऱ्याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. श्रोता गृहीतच धरलेला असतो. वाङ्मयाच्या इतिहासात वाचकाचीही जवळजवळ हीच गत आहे. तथापि कधी असेही घडते की कलाकृती निर्माण होते, ती जपलीही जाते, आणि केवळ श्रोता नसल्यामुळे इतिहासाबाहेर राहते. असा एक प्रसंग अहमदाबाद येथे १९६९ ते १९७२ या काळात घडला. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत एक इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला, त्यात भारतीय रचनाकारांनी प्रयोग केले, ते फितींवर मुद्रित झाले, आणि पुढे सुमारे साडेचार दशके त्या फिती कपाटात पडून राहिल्या. या विस्मरणाचे कारण काय, आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या कथेचा आरंभ यंत्रापासून होत नाही, एका शिकवणीपासून होतो. गीता साराभाई या पखवाज शिकलेल्या तरुणी १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताच्या प्रभावाने आपल्या संगीताचे काय होईल ही चिंता त्यांच्या मनात होती, आणि म्हणून ते संगीत मुळातून समजून घेण्याचा त्यांचा निश्चय होता. तेथे त्यांची जॉन केज यांच्याशी गाठ पडली. केज यांनी शुल्क घेतले नाही. मी तुम्हांस आमचे संगीत शिकवतो, तुम्ही मला तुमचे शिकवा, असा करार झाला. काही महिने ही देवघेव चालली. संगीताचे प्रयोजन काय, या केज यांच्या प्रश्नाला गीताबेनांनी आपल्या गुरूचे उत्तर सांगितले: मन शांत व स्थिर करून त्याला दिव्य प्रभावांना सामोरे जाण्यास योग्य करणे. केज यांनी हे उत्तर आयुष्यभर जपले. १९५२ साली त्यांची ती सुप्रसिद्ध निःशब्द रचना सादर झाली. वादक साडेचार मिनिटे पियानोसमोर काहीही न वाजवता बसतो आणि श्रोत्याला सभागृहातले व बाहेरचे आवाजच ऐकावे लागतात. त्या रचनेमागे इतरही प्रेरणा होत्या, हे खरे. परंतु शांत मनाने ऐकणे हीच एक कृती आहे, ही तिची बैठक अहमदाबादच्या त्या उत्तराशी नाते सांगते.

त्या रात्री पियानोसमोर बसलेले वादक डेव्हिड ट्यूडर होते. १९६४ साली मर्स कनिंगहॅम यांचे नृत्यपथक जगाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा केज आणि ट्यूडर दोघेही त्याच्यासोबत अहमदाबादेस आले, आणि साराभाई कुटुंबाने त्यांचे यजमानपद केले. पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, ट्यूडर पुन्हा आले ते मोग सिंथेसायझरची उभारणी करण्यासाठी. न्यूयॉर्कला शिकवणीच्या रूपाने गेलेला विचार असा तेवीस वर्षांनी यंत्राच्या रूपाने माहेरी परतला. तो ज्या संस्थेत आला तिचाही येथे निर्देश केला पाहिजे. चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला आणि ज्यात साध्या लोट्याच्या घडणीचे मोठ्या आस्थेने विवेचन केले, त्या अहवालातून १९६१ साली ही संस्था उदयास आली होती. गौतम आणि गिरा साराभाई ही भावंडे तिच्या उभारणीत अग्रभागी होती.

मोग यंत्राचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. यात एक भाग कंपन निर्माण करतो, दुसरा त्यातील स्वरांश गाळतो, तिसरा ध्वनीचा उठाव आणि लय पावणे ठरवतो. हे भाग तारांनी परस्परांस जोडायचे असतात. या सर्वांचे नियंत्रण विजेच्या दाबाने होते: दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर चढतो. या दोन टोकांमध्ये पायऱ्या नाहीत. पट्ट्या जोडल्या तर बारा स्वरांच्या पायऱ्या येतात, पण त्या यंत्राच्या स्वभावात नाहीत. ज्या संगीतात मींड आणि श्रुती हा प्राण आहे, त्याच्या कानाला ही गोष्ट किती जवळची वाटली असेल! हार्मोनियमविषयी आपल्याकडे जो वाद दीर्घकाळ चालला, त्यातील मुख्य आक्षेप येथे मुळातच उद्भवत नव्हता.

या स्टुडिओत गीता साराभाई यांच्याखेरीज आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. माथुर यांच्या एका रचनेचे नाव ‘माय बर्ड्स’, दुसरीचे ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’. शर्मा यांनी नृत्यासाठी रचना केल्या. अतुल देसाई यांची काही मुद्रणे १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनाशी निगडित आहेत. जोशीपुरा त्या वेळी विद्यार्थी होते. त्यांनी ‘स्पेस लायनर २००१’ या नावाने अंतराळप्रवासाच्या संगीताची कल्पना केली. स्वतः ट्यूडर यांचे प्रयोगही या फितींत आहेत. या सर्व रचना सारख्या तोलाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. काही तर सरळसरळ नव्या वाद्यावर हात बसवण्याचे यत्न आहेत. पण पक्षी, तानपुरा, नृत्य आणि अंतराळ हे विषय एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, तीन-चार वर्षांत यावेत, यात त्या काळाच्या मनाचा एक नकाशा दिसतो.

भाषांतरकार म्हणून मला येथे एका शब्दापाशी थांबावे लागते. अशा संगीताच्या एका शाखेला आज ‘अँबियंट’ म्हणतात. हे नाव रूढ केले ब्रायन ईनो यांनी, १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने. म्हणजे अहमदाबादच्या फिती थांबल्यावर सहा वर्षांनी. लक्ष दिले तर गुंतवावे, न दिले तरी बिघडू नये, असे संगीत त्यांना अभिप्रेत होते. खोलीतील मेजखुर्चीप्रमाणे नुसते असणारे संगीत ही कल्पना एरिक सती यांनी १९१७ च्या सुमारास मांडली होती. मराठीत ‘परिसरसंगीत’ म्हटले तर ते पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकातले वाटते; ‘पार्श्वसंगीत’ हा शब्द चित्रपटाने घेतला आहे. मला ‘आसमंत’ हा शब्द जवळचा वाटतो. पण शब्द शोधताना ध्यानात येते की वस्तू आपल्याकडे होतीच. मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळू लागतात तेव्हा खोली हळूहळू भरत जाते. मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी साधतो ती याचसाठी की एका तारेतून अनेक स्वरांश उमलावेत आणि न छेडलेला स्वयंभू गंधार कानी यावा. मोग यंत्राचा गाळणारा भागही एका ध्वनीत दडलेले स्वरांशच उघडे करतो. अहमदाबादच्या रचनाकारांना ‘अँबियंट’ ही संज्ञा लावणे कालविपर्यासाचे होईल. मात्र ते अगदी परक्या प्रदेशात शिरले होते असेही नाही.

मग हे संगीत विसरले का गेले? पैसा आणि आश्रय संपला, हे एक कारण. गिरणीमालक घराण्याच्या छायेत, एका संस्थेच्या भिंतींआड जे जन्मले ते त्या भिंतींपलीकडे फारसे गेलेच नाही. परंतु मला याहून महत्त्वाचे कारण दिसते ते श्रोतृसमूहाच्या अभावाचे. आपले ख्यालसंगीत दरबारांचा आश्रय गेल्यावरही टिकले, कारण कोल्हापूरच्या देवल क्लबासारख्या संस्था होत्या, १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव होता, आणि मैफलींच्या फिती एकमेकांना उतरवून देणारे, त्यांवर रात्र रात्र भांडणारे रसिक होते. भांडण हीदेखील समीक्षाच होय. अहमदाबादच्या प्रयोगांना हे लाभले नाही. ते चांगले की वाईट, यावर कोणाचा वाद झाला नाही. आणि ज्याविषयी वाद होत नाही त्याची परंपरा बनत नाही. केज आणि गीताबेन यांच्यातील देवघेवीतून जे उगवले, ते देवघेव थांबताच वाळले.

२०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील कलावंत व संगीतकार पॉल पुर्गस यांना या फिती संस्थेच्या संग्रहात आढळल्या. २०२० मध्ये त्यांनी बीबीसी रेडिओवर या स्टुडिओची हकीकत सांगितली. २०२३ मध्ये निवडक रचनांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि २०२४ मध्ये त्यांच्या संपादनाखाली एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईत चरणजित सिंग यांच्या बाबतीतही असेच घडले होते. त्यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवलेली मुद्रिका काढली. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २००२ साली ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि २०१५ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी सिंग यांना देशोदेशींच्या तरुण श्रोत्यांसमोर वाजवता आले. अहमदाबादच्या सर्व रचनाकारांना हे भाग्य लाभले नाही. गीताबेन २०११ मध्येच निवर्तल्या होत्या.

दोन्ही वेळी शोध लावणारा बाहेरून आला, याचा विषाद वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचा रोख त्या शोधकावर असू नये. त्याने ऐकले, आणि ऐकून दुसऱ्याला ऐकवले. रसिकाचे काम यापेक्षा वेगळे नाही. प्रश्न आपल्यापुढे आहे. फितीवरील चुंबकीय लेप वर्षागणिक झिजतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. आपल्या विद्यापीठांत, आकाशवाणीच्या केंद्रांत, कलावंतांच्या घरांत अशी किती कपाटे असतील! ती उघडणे हे ग्रंथपालाचे आणि तंत्रज्ञाचे काम आहे. उघडल्यावर त्यातील ध्वनींविषयी आपापल्या भाषेत बोलणे, त्यांना नावे देणे, त्यांचे गुणदोष सांगणे, हे काम समीक्षकाचे आहे. ते काम १९७२ साली झाले असते तर आज या लेखाचा विषय दुसराच असता. केज यांना दिलेल्या त्या उत्तरात गीताबेनांनी ऐकणाऱ्याच्या मनालाच संगीताचे अधिष्ठान मानले होते. त्यांच्या स्वतःच्या रचनांना असे मन मिळण्यास अर्धे शतक लागावे, ही गोष्ट आपण आपल्या वाङ्मयीन व कलाविषयक इतिहासात नोंदवून ठेवावी.