खरखरीचा पाठ

जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयी लिहिताना खरखरीबद्दल आधी क्षमा मागण्याची आपल्याकडे जणू प्रथाच पडली आहे. ही खरखर आली कोठून आणि ती सर्वस्वी काढून टाकण्याजोगी आहे काय, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. पोथ्यांच्या पाठभेदांत रमणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींना ते विशेष जवळचे वाटतात.

78 फेऱ्यांची तबकडी लाखेची असे, ही माहिती अर्धीच आहे. त्या लाखेत खनिजाची बारीक पूड मोठ्या प्रमाणात मिसळलेली असे. जड ध्वनिपेटीच्या भाराखाली पोलादी सुई चरातून धावू लागली की ही पूड तिचे टोक घासून चराच्या आकाराचे करी. सुई झिजावी आणि तबकडी टिकावी, अशी ती योजना. म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावावी लागे. खरखर हा मुख्यतः या घर्षणाचा ध्वनी. तो चोरपावलांनी शिरलेला नाही; त्याच्याशिवाय तबकडी वाजलीच नसती.

दुसरा 'उपरा' ध्वनी अधिक मौजेचा आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच 'माय नेम इज गौहर जान' असा इंग्रजी उद्गार ऐकू येतो. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतील हॅनोवर येथे, आणि तेथील कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे एवढाच या उद्गाराचा हेतू होता. अभंगाच्या अखेरीस येणाऱ्या नाममुद्रेची आठवण येथे कोणास झाली तर नवल नाही, मात्र ही मुद्रा कवीची नव्हे, कारखान्याच्या सोयीची. तरीही सव्वाशे वर्षांनंतर ऐकताना त्या स्त्रीचे सारे व्यक्तित्व त्या चार शब्दांत उभे राहते. गाण्याबाहेरचा मजकूर म्हणून हा उद्गार कापणाऱ्या संपादकास आम्ही तरी क्षमा करणार नाही.

सर्वच दोष असे लोभस नसतात. आरंभीच्या काळात मुद्रणाचा वेग नेमका 78 फेऱ्यांचाच असे असे नाही. मिनिटाला 70 फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी 78 फेऱ्यांनी वाजविली, तर स्वर जवळजवळ दोन पट्ट्यांनी चढतो. काळी चारचा गळा काळी पाचचा भासतो आणि लयही धावू लागते. हा सरळसरळ अपपाठ आहे, आणि तो दुरुस्त करायलाच हवा.

पण दोष म्हणजे काय, हे काळही ठरवितो. मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे 1961 साली आले. नॅशव्हिलमधील त्या मुद्रणाच्या वेळी यंत्रातील एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा स्वर फाटून घोगरा उमटला. तो तसाच राहू दिला गेला. लोकांना आवडलेला हा बिघाड हुकमी मिळावा म्हणून तेथील तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी त्याचे मंडल रचले, आणि 1962 मध्ये पायाने दाबायच्या पेटीच्या रूपात ते बाजारात आले. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तोच फाटका स्वर गाण्याचा चेहरा झाला. लेखनिकाचा हस्तदोष पुढे शैली म्हणून गिरविला जावा, तसे हे झाले. आता तर संगणकावर निर्मळ मुद्रित केलेल्या गाण्यावर तबकडीची खरखर मुद्दाम पसरली जाते. ती आम्हांला नव्या कागदाला चहाचे डाग पाडून केलेल्या 'जुन्या' पोथीसारखी वाटते.

याच संगणकाने जुन्या मुद्रिकांची साफसफाईही केली जाते, आणि खरी अडचण तेथे उभी राहते. खरखर आणि गळा यांच्या हद्दी वेगळ्या नसतात. 'स', 'श' यांचे घर्षण, महाप्राण वर्णांतील श्वास, तानेच्या तोंडी घेतलेला दम, हे सारे सुईच्या घर्षणाशी मिळतेजुळते असते. गाळणी घट्ट केली की तेही गळते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची ठुमरी पाण्याखालून आल्यासारखी होते. शिवाय ही सफाई स्वतःचाच एक किणकिणणारा, लुकलुकता ध्वनी मागे ठेवते. अभियंते त्याला 'सांगीतिक गोंगाट' म्हणतात! म्हणजे जुना प्रक्षेप काढताना नवा घातला गेला, आणि तो मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो स्वच्छतेच्या वेषात आलेला असतो.

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही; तरीही त्यापूर्वीच्या पोथीचा शोध राजवाड्यांना घ्यावासा वाटलाच. आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती आज आयत्या, धुतलेल्या आवृत्त्याच पडतात, आणि त्यांवरून ते गायकीविषयी, उच्चारांविषयी, प्रसंगी नाट्यपदांच्या भाषेविषयी विधाने करतात. तेव्हा धुतलेल्या प्रतीशेजारी न धुतलेलीही ठेवावी, आणि तबकडी किती फेऱ्यांनी, कोणत्या सुईने वाजविली, काय गाळले, याची चार ओळींची नोंद तिला जोडावी. पोथीच्या संपादकाकडून तर आपण एवढे मागतोच.