भुशाची फळी

परीक्षेला जातांना मुलें जें तपकिरी पॅड हातीं घेतात, तें एकदां उलटें करून पाहा. पुढची बाजू गुळगुळीत असते आणि मागच्या बाजूस बहुधा जाळीचा ठसा असतो. वर्गांत पहारा करीत असतां अशीं शेंकडों पॅडें मीं पाहिलीं. परंतु त्या ठशाचा इतिहास मला फार उशिरां कळला.

लाकूड कापलें कीं भुसा पडावयाचाच. माझ्या लहानपणीं तो वखारींतून पोत्यानें आणीत आणि शेगडींत ठासून भरीत. जाळण्यापलीकडे त्याचा उपयोग नाहीं, अशीच आमची समजूत होती. युरोपांत मात्र त्याला आकार देण्याचे प्रयत्न जुने आहेत. पॅरिसमध्यें १८५५ च्या सुमारास लपाज नांवाच्या गृहस्थानें लाकडाची पूड जनावराच्या रक्तांत कालवून, तापलेल्या साच्यांत दाबून, पदकें आणि दौती घडविल्या. ती युक्ति शोभेच्या लहान वस्तूंपुरतीच राहिली.

मोठी फळी निघाली ती अमेरिकेंत. मिसिसिपी राज्यांतील लॉरेल हें पाइन लाकडाच्या गिरण्यांचें गांव. एडिसनच्या हाताखालीं काम केलेल्या विल्यम मेसननें तेथील वायां जाणाऱ्या ढलप्यांचा उपयोग शोधावयाचें मनावर घेतलें. पोलादी पात्रांत ढलप्या भरून त्यांवर वाफेचा प्रचंड दाब द्यावयाचा आणि झडप एकदम उघडावयाची. म्हणजे लाकूड फुटून त्याचे तंतु मोकळे होतात. १९२४ सालीं या तंतूंचा ओला थर तापत्या दाबयंत्रांत ठेवून तो जेवावयास गेला. यंत्राची वाफेची झडप गळत होती, असें सांगतात. परत येऊन पाहतो तों मऊ थराऐवजीं कठीण फळी तयार! पाणी व वाफ निघून जावी म्हणून थराखालीं जाळी ठेवीत. तिचाच तो ठसा.

यांत जादू नव्हती. लाकडांत सेल्युलोजचे तंतु असतात आणि त्यांना जोडणारें लिग्निन असतें. ओल्या उष्णतेनें तें मऊ होतें व दाबाखालीं तंतूंना पुन्हां सांधतें. बाहेरच्या गोंदाची गरज पडत नाहीं. भुशाचें तसें नव्हे. करवतीनें त्याचे तंतु तुटलेले असतात. एकमेकांत गुंतण्याइतकी लांबी त्यांना उरत नाहीं. म्हणून तेथें गोंद हवा. जर्मनींत मॅक्स हिमेलहेबर यानें १९३२ च्या सुमारास लाकडाचे बारीक तुकडे कृत्रिम राळेनें चिकटविण्याचा मार्ग धरला आणि १९४१ सालीं ब्रेमेन येथें तशा फळ्या कारखान्यांत निघूं लागल्या. आजच्या पार्टिकल बोर्डाचे हे पूर्वज.

अशा पुष्कळ फळ्यांच्या राळेंत फॉर्माल्डिहाइड असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं तें मनुष्यास कर्करोगकारक ठरविलें. शिवाय ओल हा या फळीचा दुसरा शत्रु. माझ्या स्वयंपाकघरांतील एक कपाट दोन पावसाळ्यांत फुगून गेलें. दोष दुकानदाराचा नव्हे, माझ्या अज्ञानाचा. मोरीशेजारीं ही फळी लावूं नये, हें मला ठाऊक नव्हतें.

टाकाऊ लाकूड वांचलें तर तितकीं झाडें वांचतात, हें खरें. परंतु फळी घरांत आणतांना ती कशाची आहे, एवढेंच विचारून थांबूं नये. ती कशानें सांधली आहे, हेंहि विचारावें.